तिसऱ्या रांगेची परीक्षा

गाडी घ्यायची तर सात जणांची आणि बॅटरीवर चालणारी, इथपर्यंत घरात एकमत झालं होतं. पुढचं काम गुणाजी मास्तरांनी आपल्याकडे घेतलं. भांडुपच्या पालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस; चकचकीत माहितीपत्रक वाचून तो मान डोलावील हे शक्य नव्हतं.

"यात गाडीने स्वतःचा पेपर स्वतःच तपासलाय," ते नातीला म्हणाले. "आपण बाहेरचे परीक्षक."

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी सगळं घर मुलुंडच्या शोरूममध्ये हजर झालं. मोठा मुलगा सिद्धेश, सून जान्हवी, त्यांची दहा वर्षांची निधी, धाकटा प्रीतम, आणि मागून सावकाश, हातात काठी घेतलेली मास्तरांची बायको जानकी. निधीकडे वही आणि मोजपट्टी होती. प्रीतमच्या खांद्यावर तांदळाची गोण होती. आत तांदूळ नव्हता, वर्तमानपत्रांची रद्दी आणि वजनासाठी तळाशी जुनी पाठ्यपुस्तकं. अशीच दुसरी गोण अजून रिक्षात होती. गावाहून परतताना दोन गोणी येतात, मग परीक्षाही दोन गोणींनिशीच व्हायची, असा मास्तरांचा आग्रह.

"बाबा, गाडी घेताय की दहावीचा पेपर काढताय?" प्रीतमने विचारलं.

"दहावीला पुढच्या वर्षी परत बसता येतं," मास्तर म्हणाले.

खरं तर पेपरात प्रश्न एकच होता, आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. दोन वर्षांपूर्वी जानकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिने गणपतीला कणकवलीजवळचं गाव पाहिलं नव्हतं. मागच्या वर्षी भाड्याच्या जीपमधून निघाली होती, पण पनवेललाच गुडघा धरून बसली आणि सिद्धेशला गाडी माघारी वळवावी लागली. त्या दिवसापासून तिचं एकच पालुपद, तुम्ही जा, मी घर सांभाळते. यंदा वैशाखात प्रीतमचं लग्न ठरलं होतं. भाद्रपदात नव्या सुनेचा पहिला ओवसा; सुपं भरून गौरीपुढे ठेवायची, आणि ती कशी भरायची ते सासूने दाखवायचं. सलग तिसऱ्या वर्षी जानकी घरी राहिली, तर चौथ्या वर्षी तिला कुणी विचारणारही नाही, हे मास्तरांना स्पष्ट दिसत होतं.

शोरूममधली दर्शना सोबत येणार होती. मास्तरांनी तिला प्रीतमच्या होणाऱ्या बायकोच्या जागी धरलं आणि सात माणसं पुरी केली. दर्शनाने हसून मान्यता दिली आणि गाडी एका चार्जमध्ये किती पळते तो कंपनीचा आकडा सांगितला. मास्तरांनी तो निधीला पेन्सिलीने लिहायला सांगितला, शाईने नाही.

मग सगळे गाडीत चढले, आणि नेहमीच्याच जागी जाऊन बसले. सिद्धेश चालवायला. त्याच्या शेजारी मास्तर, कारण गावच्या वाटेवर पुढची जागा घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाची. वाटेतल्या देवस्थानांना हात त्याने जोडायचे, वेशीवर उतरून नारळ त्याने द्यायचा. मधल्या दोन सुट्या खुर्च्यांवर जान्हवी आणि दर्शना. आणि जानकी कुणी काही बोलायच्या आत त्या दोन खुर्च्यांमधून वाकत, काठी आपटत, शेवटच्या रांगेत पोचलीसुद्धा. तिच्या दोन्ही बाजूंना प्रीतम आणि निधी.

"कसं आहे मागे?" मास्तरांनी मान वळवून विचारलं.

"बरा आसा," जानकी म्हणाली.

एसी चालू ठेवून ते महामार्गाने घाटकोपरकडे निघाले. गाडी आवाज न करता, पाण्यावरून होडी सरकावी तशी चालली होती. सिद्धेश खूश होता. गतिरोधक आला की मास्तर आरशात पाहत. प्रत्येक वेळी जानकीचा हात गुडघ्यावर जात होता आणि चेहरा मात्र तसाच, 'बरा आसा' म्हणणारा.

घाटकोपरला वळसा घेण्याआधी त्यांनी गाडी सर्व्हिस रोडला थांबवायला सांगितली. उतरून त्यांनी मागचं सरकतं दार उघडलं आणि जानकीला म्हणाले की आता जागा बदलू. ती ऐकेना. ती मानाची जागा, माझं इथे चांगलं चाललंय, असं बरंच काही.

"वर्गात सगळ्यात खोटं उत्तर कुठलं असतं, ठाऊक आहे?" मास्तर शांतपणे म्हणाले. "'समजलं, सर.' तुझं 'बरा आसा' तसलंच आहे. उतर बघू."

पुढची सीट मात्र तिला उंच पडली. एक पाय टाकून ती अडकली, तेव्हा जान्हवीने आपणहून तिला आपल्या मधल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः पुढच्या सीटवर गेली. मास्तर वाकून शेवटच्या रांगेत शिरले.

बसले आणि पहिल्याच मिनिटाला कळलं. बॅटरी खाली असल्यामुळे मागची जमीन उंच, सीट बुटकी. गुडघे थेट छातीशी आले. निधीने मोजपट्टी लावली आणि आकडा टिपला. पुढे सिद्धेश आणि जान्हवी कशावर तरी हसत होते, ते मास्तरांना ऐकू येईना. त्यांनी एसी कमी करायला सांगितलं. कुणी वळलं नाही. पुन्हा सांगितलं.

"आजो, इथून ओरडावं लागतं," निधी म्हणाली. "आजी ओरडत नाही."

जीप असो, ट्रॅक्स असो, मुलं लहान असल्यापासून जानकी शेवटच्या रांगेत, गाठोड्यांच्या बाजूला. मास्तर पुढे बसून घाटातली झाडं, नद्यांची नावं मुलांना सांगत आले होते, आणि सगळ्या गाडीला ऐकू जातंय असं समजत होते. बत्तीस वर्षं ते रोज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत चालत गेले होते. गाडीतल्या शेवटच्या बाकावर आज पहिल्यांदा बसत होते.

शोरूमला परतल्यावर निधीने हिशेब मांडला. चोवीस किलोमीटर, बॅटरी सात टक्के उतरली. म्हणजे भरलेल्या बॅटरीवर साधारण तीनशे चाळीस. कंपनीच्या आकड्यावर तिने रेघ मारली. दर्शना म्हणाली, सात माणसं बसवून मोजणारं गिऱ्हाईक तिने पहिल्यांदाच पाहिलं.

"गाव साडेचारशे," मास्तर म्हणाले. "मग किती वेळा थांबायचं?"

"एकदा पुरेल."

"बरोबर. पण आपण दोनदा थांबू. गाडी चार्ज होईल तेवढ्यात आजीचा गुडघा मोकळा होईल."

आता खरी परीक्षा. मास्तरांनी सगळ्यांना गाडीपासून दोन पावलं दूर उभं केलं. मधल्या खुर्चीवरून जानकीने दाराच्या दांडीला धरलं, काठी आधी खाली टेकवली, मग एक पाय, मग दुसरा. पायरी बुटकी होती. कुणाचा हात न धरता ती उतरली. तिने क्षणभर गाडीकडे पाहिलं, वळली आणि कुणी सांगितलं नसताना परत चढून बसली. पुन्हा उतरली. निधीने वहीत दहापैकी दहा लिहिले.

सामानाला मात्र चारच मिळाले. सातही सीट उभ्या ठेवल्यावर मागे एकच गोण मावली. दुसरी प्रीतमने आडवी, उभी, तिरकी, सगळी घालून पाहिली.

"मग शेवटच्या रांगेत कोण?" सिद्धेशने विचारलं. "तिथे तर तुम्हालाच त्रास झाला."

"मी आणि निधी," मास्तर म्हणाले. "माझे गुडघे अजून माझं ऐकतात. वेशीवर उतरून नारळ देईन, मग परत मागे. दर तासाला प्रीतम माझ्याशी जागा बदलेल."

"मी कधी हो म्हटलं?" प्रीतम म्हणाला.

जानकी गाडीच्या मागच्या उघड्या दारापाशी जाऊन उभी राहिली होती. काठीने ती गोणीच्या वरची मोकळी जागा चाचपत होती.

"दुसरी गोण नको," ती म्हणाली. "पण हयसर पाच सुपां रव्हतील काय? पयलो ओवसो तिचो. मी नाय गेलंय तर तिका कोण दाखवतला?"

मास्तरांनी मोजपट्टीचं एक टोक निधीच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन ते आत वाकले.