चपला घातल्यास ना?

आमचे हे निवृत्तीनंतर विमान चालवायला शिकले ते केवळ मला गप्प बसवायला, असं माझं स्पष्ट मत आहे. मोटारीत माझ्या सूचनांपुढे ह्यांचं काही चालत नाही. विमानात मात्र कडक नियम, "उतरताना चाकं टेकेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही!"

विमानात बसलं की मी चपला काढून ठेवते. उतरायच्या आधी हे एक दांडी खाली ओढतात, पोटात दुमडलेली चाकं बाहेर येतात आणि माझ्या तळव्यांखाली धप्प होतं. मग मी चपला घालते.

त्या दिवशी कुंपणापाशी लेकीचे होणारे सासू-सासरे उभे होते. धावपट्टीवरच्या पांढऱ्या पट्ट्यावर अगदी अलगद उतरून दाखवायचं, असं ह्यांनी मनाशी घेतलेलं. "बघतायत ना ते?" म्हणाले आणि नजर पट्ट्याला चिकटली ती चिकटलीच. समोरच्या यंत्रांतून कसला तरी भोंगा केकाटत होता. ह्यांच्या कानावर जाईल तर शपथ! मला त्यातलं काय कळतंय? आणि बोलले असते तर आठवडाभर अबोला. मी आपली तोंडाला कुलूप लावून बसले.

गवताची पाती दिसू लागली तेव्हा माझं लक्ष पायांकडे गेलं. पाय अजून उघडेच! धप्प झालंच नव्हतं.

"अहो, चाकं!"

भोंगा फिका पडला असेल माझ्यापुढे. ह्यांनी दचकून इंजिनाला जोर दिला आणि विमान वर उचललं. खाली विहीणबाई हौसेने हात हलवत होत्या.

दुसऱ्या फेरीला धप्प झालं, मी चपला घातल्या आणि आम्ही बेडकासारखे टणाटण उड्या मारत उतरलो. इंजिन बंद झालं तरी ह्यांचे हात सुकाणूवरून सुटेनात. मी ते सोडवून हातात घेतले.

"मला भोंगा ऐकूच आला नाही गं."

सुनवायला पुष्कळ होतं. पण मी आधी पदराने ह्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

विहीणबाई धावत आल्या. "पहिली घिरटी काय झकास मारलीत हो!"

मला वाटलं, आता हे मिशीत हसून मान डोलावणार. तर म्हणाले, "घिरटी कसली? चाकं काढायला विसरलो होतो. हिने वाचवलं."

आता उतरताना हे दांडी ओढतात, चाकं बाहेर आल्याचे दिवे तपासतात आणि तरीही विचारतात, "अगं, चपला घातल्यास ना?"

मी हो म्हटल्याशिवाय आमचं विमान उतरत नाही.