आपण रांगेत आहात

व्हायोलिनमास्तरांच्या डोक्यात एकोणीस वर्षं एक मोठी रचना घोळत होती. चाळीस वादक, तीन भाग, आणि शेवटी सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतंय, इथपर्यंत सगळं ठरलेलं होतं. राहिलं होतं फक्त संगीत. पहिल्या भागाची अठरा पानं झाली होती, आणि ती दर वर्षी नव्याने होत. उरलेल्या वेळात ते शाळेत मुलांना व्हायोलिनचा गज धरायला शिकवत आणि घरी येऊन कलावंताच्या वाट्याला येणाऱ्या एकटेपणाबद्दल बायकोशी बोलत. बायको दातांच्या दवाखान्यात कामाला होती. दिवसभर लोकांचं विव्हळणं ऐकून आल्यावर तिला हे तसं सौम्यच वाटायचं.

एका रविवारी तिचा भाऊ आला. तो पाणीपुरवठा कार्यालयात होता. तक्रारीसाठी फोन केलेल्यांना ताटकळत ठेवताना जी धून वाजते, ती जुन्या यंत्राबरोबर गेली होती. साहेबांनी विचारलं, कुणाच्या ओळखीत कुणी वाजवणारं आहे का, आणि ह्याने भाऊजींचं नाव सांगून टाकलं होतं. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वादकांचं स्वप्न पाहणाऱ्याने नळाच्या तक्रारींसाठी वाजवायचं? हा शुद्ध पाणउतारा होता. मेहुणा म्हणाला, भाऊजी, शब्द तरी अगदी आमच्या खात्याचा वापरलात.

बायकोने एवढंच विचारलं, की दिवसाला किती जण फोन करतात.

"तीनशे. उन्हाळ्यात सहाशे."

मास्तरांनी मनात हिशोब केला. आजवर एका वेळी त्यांचं वादन ऐकणारे सगळ्यात जास्त लोक म्हणजे शाळेच्या कार्यक्रमातले नव्वद पालक, आणि त्यातला प्रत्येकजण आपापल्या पोराकडे बघत होता.

तीन आठवडे खपून त्यांनी चार मिनिटांची धून केली. हाताशी होतं नव्हतं ते सगळं तिच्यात ओतलं. दुसऱ्या मिनिटाला सूर चढत चढत जात, आता काहीतरी होणार असं वाटे, आणि नेमकं तिथेच वादन थांबे. दोन श्वासांची शांतता. मग पुन्हा सुरुवात. ह्या शांततेचा मास्तरांना फार अभिमान होता. शांतता हेही संगीतच असतं, असं त्यांनी मेहुण्याला समजावलं. त्याने मान डोलावली आणि घेऊन गेला.

महिनाभराने एका सकाळी, मास्तरांच्या डोक्याला साबण लागलेला असताना, घरचा नळ आटला. टॉवेल गुंडाळून ते फोनपाशी आले. आपण रांगेत अकरावे आहात, असं एका बाईच्या आवाजात ऐकू आलं आणि पाठोपाठ त्यांचं स्वतःचं व्हायोलिन. मास्तरांचा ऊर भरून आला. साबण डोळ्यांत उतरत होता, तरी ते हलले नाहीत. सूर चढले, चढले, थांबले. शांतता.

"हॅलो?" मास्तर म्हणाले.

धून पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तिसऱ्या खेपेला त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते, तरी तोंडातून हॅलो निसटलंच. चाळीस मिनिटांत आपल्याच धुनेने त्यांना नऊ वेळा फसवलं. शेवटी खरोखरच फोन उचलला गेला, तोवर साबण वाळून केस उभे राहिले होते.

"बोला," पलीकडची बाई म्हणाली. "आणि आधीच सांगते, ती धून मी केलेली नाही."

मास्तरांनी जमेल तितक्या परक्या आवाजात विचारलं, की धुनेत वाईट काय आहे?

"मधेच थांबते. माणसाला वाटतं फोन उचलला. चार-पाच वेळा फसला, की माझ्यावर तुटून पडतो. ज्याने केली, त्याने कधी फोन कानाला धरून बघितला नसणार."

"धरला," मास्तर म्हणाले. "आज."

बाईने घर कुठल्या गल्लीत आहे ते विचारलं आणि तक्रार लिहून घेतली.

पाणी दुपारी आलं. मास्तर मात्र दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. आपली कला लोकांना कळत नाही, असं म्हणायची सोय उरली नव्हती, कारण ह्या खेपेला लोकांत ते स्वतःही होते. तिसऱ्या दिवशी शाळेतून रजा घेऊन ते कार्यालयात गेले, बाईला आपण कोण ते सांगितलं आणि जवळ बसू देता का, म्हणून विचारलं. तिने शेजारची खुर्ची आणि कानाला लावायचं यंत्र दिलं. थांबलेली माणसं त्यातून ऐकू येत. कुणी पोराचा अभ्यास घेत होतं, कुणी भांडी आवरत होतं, एक आजोबा कुणाला तरी पेपर वाचून दाखवत होते. शांतता आली की सगळे हातातलं काम टाकून हॅलो म्हणत. एकोणीस वर्षं टाळ्यांचा आवाज मनात ऐकणाऱ्या मास्तरांना टाळ्या वाजवणारी माणसं कधी दिसलीच नव्हती. घरी जाऊन त्यांनी अठरा पानं काढली, तर टाळ्यांसाठी थांबलेल्या सात जागा सापडल्या. त्या त्यांनी खोडल्या. सोळा पानं उरली आणि पहिल्यांदाच जुनं पुन्हा न लिहिता पुढचं पान लिहावंसं वाटलं.

नव्या धुनेने त्यांचा घाम काढला. कुठूनही ऐकायला लागावं आणि कुठेही सोडून द्यावं, तरी चुटपुट लागू नये, असं काही त्यांनी कधी केलंच नव्हतं. आवडलेल्या जागा एकेक करून काढाव्या लागल्या. बाईने दोनदा परत पाठवली. एका ठिकाणी अजूनही कुणीतरी येणार असं वाटतंय, म्हणाली. कुठल्याही समीक्षकाने मास्तरांना इतकं नेमकं कधी सांगितलं नव्हतं. ते ठिकाणही गेलं.

धून बदलल्यावर दहाव्या दिवशी कार्यालयातल्या बाईचा शाळेत फोन आला. मास्तर वर्ग सोडून धावले.

"रांगेत सातव्या नंबरवर एक आजोबा आहेत," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांना झोप लागलीय. घोरणं ऐकू येतंय. जागं करू का?"

"पाण्याची तक्रार आहे?"

"घरातलं कुणीतरी मागून सांगतंय, पाणी मघाशीच आलं म्हणून."

"मग राहू दे," मास्तर म्हणाले, आणि शाळेच्या फोनपाशी उभे राहून तिने फोनजवळ धरलेल्या यंत्रातून तेही थोडा वेळ ते घोरणं ऐकत राहिले.