हुंकाराची नोंद

नामेगोस या मूळनिवासींच्या गावातल्या शाळेत, खेळाच्या दालनात, लोरेटा जोसायसमामाच्या शेजारी बसली होती. मधे एकच माइक. मामा आपल्या बोलीत बोलायचा, ती इंग्रजीत सांगायची. समोरचे इंग्रजीत बोलायचे, ती मामाच्या कानाशी आपल्या बोलीत सांगायची. सकाळपासून तिची जीभ अशी दोन काठांमधल्या होडीसारखी ये-जा करत होती.

वर उत्तरेला खाण निघणार होती. खाणीचा रस्ता नदी ओलांडणार होता तो मोठ्या खळाळावरून, जिथे पाणी दगडांवरून उसळत जातं. त्याबद्दल गावाचं म्हणणं ऐकायला सरकारचा अधिकारी आला होता, आणि गावाला म्हणणं मांडता यावं म्हणून सरकारनेच निधी दिला होता. त्याच पैशातून माशांची जाणकार बाई विमानाने आली, त्याच पैशातून मागे मूस हरणाचा रस्सा रटरटत होता, आणि त्याच पैशातून लोरेटा दुभाषी म्हणून बसली होती. अट एकच, दुभाष्याने पदरचं काही घालायचं नाही. स्वतःचं बोलायचं असेल तर खुर्ची सोडायची.

“काय गं, भाड्याचं तोंड!” चहा घेताना लॉइडने, तिच्या चुलतभावाने, डिवचलं होतं. “स्वतःचं तोंड कुठं ठेवून आलीस?”

“तुझ्या ताटात बघ,” ती म्हणाली होती. “तुझं तर तिथनं वर येतच नाही.”

पण टोमणा काट्यासारखा आत राहिला होता.

आता कंपनीची वकीलबाई नकाशावर काठी फिरवत होती. बाई गोड बोलायची, सावकाश बोलायची. “आजोबा, पूल इथून जाईल.” लोरेटाने कानाशी सांगितलं. “एहे,” मामा म्हणाला. “हो,” लोरेटा माइकमध्ये म्हणाली. “पुलाचे खांब या दगडांवर उभे राहतील.” “एहे.” “हो.” “मासे अंडी घालतात तेव्हा आम्ही काम थांबवू.” “एहे.” “हो.”

कोपऱ्यातली टंकलेखिका टकटक करत होती.

“मग गावच्या ज्येष्ठांना खांब मान्य आहेत,” बाई हसून म्हणाली, “हे नोंदीत यावं.”

लोरेटाने माइक हाताने झाकला.

एहे! नामेगोसमध्ये कुणी बोलायला लागलं की ऐकणाऱ्याने एहे म्हणायचं असतं. मी ऐकतोय, चालू दे, एवढंच. एहे थांबलं की सांगणाराही थांबतो. मग ऐकणारा झोपलेला असो की रागावलेला. होकारालाही एहेच म्हणतात, पण कुठलं एहे कुठलं, हे गावातल्या तान्ह्या पोरालाही कळतं. लोरेटालाही कळत होतं. सकाळपासूनच्या ये-जा करण्यात जीभ गुळगुळीत झाली, आणि होडी चुकीच्या काठाला लागली.

“साहेब, चूक झाली,” ती म्हणाली. “ते हो म्हणाले नाहीत. ऐकतोय म्हणाले.”

अधिकाऱ्याने चष्मा वर केला. माणूस वाईट नव्हता. रस्सा दोनदा मागून घेतला होता त्याने. “हे तुम्ही बोलताय, की ते?”

“मी.”

“मग तुम्हाला खुर्ची सोडावी लागेल.”

खुर्ची सोडली तर मामाचा आवाज कोण होणार? गावात दोन्ही भाषा धड येणारी दुसरी होती पाळणाघरातली बाई, ती मुलांपाशी. लोरेटा बसून राहिली. मामाकडे वळून आपल्या बोलीत म्हणाली, “मामा, ही माणसं तुझं एहे म्हणजे होकार धरतात.”

“काय म्हणालात? सांगा,” अधिकारी म्हणाला. तिने स्वतःचंच वाक्य इंग्रजीत सांगितलं.

मामा आधी गोंधळला, मग खांदे हलवून हसायला लागला. “अगं, तुझी एडिथमामी दिवसभर बोलायची. मी प्रत्येक वाक्याला एहे. ते सगळं कबूल केलं असतं तर आमच्या घरात सतरा कुत्री असती, आणि सासू कायमची!”

दालन हसलं. टंकलेखिकाही हसली. लोरेटाला वाटलं, सुटलो.

वकीलबाई हसली नाही. तिने शांतपणे मागची पानं उलटली. “हिवाळ्याच्या बैठकीत आजोबांना विचारलं होतं, या किनाऱ्याला तुमच्या माणसांची थडगी आहेत का? आजोबा म्हणाले एहे. दुभाषी म्हणाल्या हो. त्या शब्दावर रस्त्याची रेघ आम्ही सरकवली. आता एहे म्हणजे नुसतं ऐकणं असेल, तर रेघ पुन्हा जागेवर येईल. एक तर सगळी एहे होकार, नाहीतर एकही नाही.”

एडिथमामी त्याच किनाऱ्याला निजली होती.

लोरेटाने मामाला सांगितलं. मामाचं हसू चेहऱ्यावरून उतरलं, नदीवरून ऊन उतरतं तसं.

“पुन्हा विचारा म्हणावं,” तो म्हणाला. “एकेक. मी नीट सांगतो.”

“दुभाष्याचा निधी आजपुरताच आहे,” अधिकारी म्हणाला, “आणि विमान थांबणार नाही. सगळं पुन्हा विचारण्याइतका वेळ नाही, थोडाच आहे. आजोबांना सांगायचं ते सांगू दे.”

मामाने टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याने खळाळाचं सांगितलं. नामे हा माणसाएवढा, मिशांचा, पाठीवर हाडांची रांग असलेला मासा. गावाचं नावही त्याच्याच कुळातलं, असं मामा मानायचा. मामी गायची ते दोन चरण त्याने पुटपुटले, आणि लोरेटाने जमेल तसे इंग्रजीत आणले:

बर्फ फुटला, पाणी सुटलं, नामे निघाली माहेरी,
पाण्याखालच्या पाथरांवर लेकरं ठेवी पदरी.

“त्याच पाथरांवर तुमचे खांब,” मामा म्हणाला.

“हं,” अधिकारी म्हणाला.

“पाथर हलले की नामे पुन्हा येत नाही.”

“हं… हं.”

मामा थांबला. बोट उचलून त्याने अधिकाऱ्याकडे दाखवलं. “पोरी, विचार त्याला. कबूल केलंन का?”

मागे लॉइडने टाळी वाजवली. अधिकारी कानापर्यंत लाल झाला. पण तोही हसला, थोडा वेळ का होईना. मग खाली बघत म्हणाला, “माझा हुंकार नोंदीत जात नाही, आजोबा. तुमचा जातो.”

लोरेटाने ते मामाच्या कानाशी सांगितलं.

“एहे,” मामा म्हणाला.

टकटक थांबली. टंकलेखिका लोरेटाकडे बघत राहिली, बोटं कळांवर तरंगत. वकीलबाई बघत राहिली. हो म्हटलं तर खळाळ गेला. ऐकतोय म्हटलं तर मामी. लोरेटा माइककडे झुकली.

“एहे,” ती म्हणाली.

“म्हणजे?” अधिकाऱ्याने विचारलं.

“जे ऐकलंत ते. तसंच लिहा. सगळीकडे तसंच लिहा, हिवाळ्यातलं पण.”

“तसं लिहिता येत नाही.” त्याने चष्मा पुसला, पुन्हा घातला. “भाषांतर नसेल तिथे आम्ही ‘अस्पष्ट’ लिहितो. दोन्हीकडे अस्पष्ट. निर्णय मग वरचे घेतील.”

बाहेर नदीच्या धक्क्याला, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचा पंखा फिरू लागला. माणसं खुर्च्या घडी करून भिंतीला लावू लागली. सभा झाली, गावाने भाग घेतला, हे मात्र स्पष्ट लिहिलं गेलं.

“काय म्हणाला गं तो शेवटी?” मामाने विचारलं.

लोरेटा शब्द शोधत राहिली. अस्पष्ट. आपल्या बोलीत त्याला जवळचा एकच शब्द होता.

“तो म्हणतो, धुकं आहे.”

मामाने खिडकीबाहेर बघितलं. लख्ख ऊन पडलं होतं. पलीकडच्या काठावरचं झाडन् झाड दिसत होतं. त्यांच्या खाली पांढरे क्रूसही दिसत होते.

“एहे,” तो म्हणाला, आणि टोपी घातली.