कुंकू लावलेली दुनळी

मित्रांनो, जगाचा इतिहास शस्त्रांनी घडवला. शस्त्रांच्या धाकाने राज्ये उभी राहिली आणि शस्त्रांपुढेच ती गुडघे टेकून बसली. मी एक जुनी दुनळी बंदूक आहे, आणि मी चाकणच्या एका कारखान्याच्या मागच्या गेटवर भंगाराचे टेम्पो आत येताना बघते.

माझा जन्म सरकारी कारखान्यात झाला. नळ्या पोलादाच्या, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. धाराशिवकडच्या कोंडाजी नावाच्या शेतकऱ्याने पिकात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी माझा परवाना काढला. खरे सांगायचे तर मी एकाही डुकराला कधी लागले नाही. डुकरे माझ्या आवाजाने जात आणि थोड्या वेळाने, मी बरी आहे ना हे बघायला आल्यासारखी, परत येत. तरी कोंडाजी मला कधी टोचून बोलले नाहीत. पावसाळा सरला की ते मला मांडीवर घेत, शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा एखादा थेंब आतल्या कळांवर सोडत आणि लगेच जुन्या धोतराच्या फडक्याने पुसून काढत. "हिला तेल दाखवायचं, पाजायचं न्हाई," असे ते म्हणत.

ते गेले आणि रीतसर परवाना होऊन मी त्यांच्या मुलाकडे, ज्योतीरामकडे आले. तो मला घेऊन कुरुळीत भाड्याच्या खोलीत राहायला आला. ज्याची स्वतःची बंदूक आहे त्याला सिक्युरिटी एजन्सी गार्ड म्हणत नाही, गनमॅन म्हणते. गार्डला काठी मिळते आणि शिफ्टभर उभे राहावे लागते. गनमॅनला खुर्ची मिळते. ज्योतीरामची ती खुर्ची माझ्या जिवावर होती, मित्रांनो. त्याची बायको अंबूबाई त्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायची. "आमचे हे गनमॅन हायत," असे ती फोनवर गावाला सांगायची, तेव्हा फोन नसता तरी गावाला ऐकू गेले असते.

माझी अधोगती खंडेनवमीला सुरू झाली. त्या दिवशी कारखान्यात झाडून सगळ्या यंत्रांची पूजा होते. फोर्कलिफ्टच्या गळ्यातसुद्धा हार पडतो. ज्योतीरामने मला पुसायला काढले, तर तेलाची कुपी रिकामी.

"खोबरेल लावा की," अंबूबाई म्हणाली.

"थंडीत गोठतंय ते. बाटली उन्हात ठेवता येती, ड्युटी सोडून हिला कुठं उन्हात ठेवू?"

तेवढ्यात मेंटेनन्सचा शेखर आला. हा मोशीचा. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्याच्याकडे एकच औषध होते, बेअरिंगला लावायचे ग्रीस.

"तेल कशाला राव? वाहून जातं ते," तो म्हणाला. "हे घे. आमचा पाचशे टनी प्रेस ह्याच्यावर चालतो. तुझी ही बाई कितीशी हाय!"

फुकट आलेली वस्तू हात राखून लावायची नसते, असे ज्योतीरामला वाटले असावे. पंगतीत जावयाला श्रीखंड वाढतात तसे त्याने ग्रीस वाढले. बिजागरीत वाढले, घोड्यांवर वाढले, चापाच्या फटीत बोटाने कोंबले. आणि मी? मी मनातून सुखावले. पाचशे टनी प्रेसचे ग्रीस आपल्याला, म्हणून फुगून बसले.

मग अंबूबाईने पूजा केली. दुनळी बंदूक मधल्या बिजागरीवर मोडून उघडते, तेव्हाच तिच्यात काडतूस घालता येते. मी तशी उघडीच होते. तिने नेमके तिथेच हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडूची फुले वाहिली. आरती झाल्यावर ज्योतीरामने फडके उचलले.

"थांबा!" अंबूबाई ओरडली. "बाईमानूस हाय ती. सणाच्या दिवशी सवाशिणीचं कुंकू पुसता व्हय?"

ज्योतीरामने फडके खाली ठेवले. मला मिटले. मी पूजेसकट बंद झाले.

पुढे मला उघडायची कोणाला गरज पडली नाही. शेजारच्या ओतकामाच्या शेडमधली काळी धूळ तेवढी रोज येत होती आणि ग्रीसला चिकटत होती. पातळ तेल असते तर एका फडक्यात निघाली असती. पौषातल्या एका गार सकाळी एजन्सीचे निरंजन साहेब रावेतहून तपासणीला आले. शिफ्ट सुटत होती, त्यामुळे बघायला माणसे भरपूर होती.

"बंदूक उघडून दाखवा," साहेब म्हणाले.

ज्योतीरामने वरची कळ दाबली. मी उघडले नाही. त्याने मला गुडघ्यावर धरून वाकवले. मी उघडले नाही. शेवटी साहेबांनी नळ्या धरल्या, ज्योतीरामने दस्ता धरला आणि दोघे रस्सीखेच खेळू लागले. फटीतून अक्षतेचा एक लाल दाणा तेवढा टपकन साहेबांच्या बुटावर पडला.

"हे काय आहे?"

कँटीनच्या दारातून अंबूबाई पिठाच्या हातांनी पळत आली. "साहेब, त्येंची चूक न्हाई. मीच म्हनलं, सवाशीण हाय, कुंकू पुसू नगा."

साहेबांनी मला खालीवर न्याहाळले आणि अगदी शांतपणे विचारले, "नवरा कोण हिचा?"

 अख्ख्या शिफ्टने ज्योतीरामकडे पाहिले. अंबूबाईनेही पाहिले.

मित्रांनो, लोखंडाला लाज वाटली की ते गंजते. माझ्या अंगावर एवढे ग्रीस होते की मला तेवढीही सोय नव्हती.

मला पुण्यातल्या बंदुकीच्या दुकानात पाठवले. ज्योतीरामच्या हाती काठी आली आणि खुर्ची आत गेली. अंबूबाईचे गावाकडे फोन बंद झाले. फोन आलाच तर ती "रेंज न्हाई" म्हणायची, आणि तेसुद्धा हळू आवाजात.

दुकानातल्या कारागिराने माझ्यातून एवढा ऐवज काढला की बाजूला उदबत्ती लावली असती तर पूजा पुन्हा मांडता आली असती. तो ज्योतीरामला एवढेच म्हणाला, "आतल्या कळांना पातळ तेलाचा थेंब, नळ्या कोरड्या. ग्रीस लावायचंच तर बिजागरीला, नखावर मावेल तेवढं. आणि लावलं की पुसायचं."

"आमचे वडील हेच म्हनायचे," ज्योतीराम म्हणाला आणि फडक्याकडे बघत राहिला.

फेरतपासणीला मी पहिल्याच दाबाला उघडले. खुर्ची परत आली. मात्र निरंजन साहेब जाता जाता म्हणाले, "काठीपण जवळ असू द्या. हिचं काही सांगता येत नाही."

तेव्हापासून ती काठी माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभी असते. तिला तेल लागत नाही, ग्रीस लागत नाही, परवाना लागत नाही. भटकी कुत्री तिला घाबरतात. माझ्या सावलीत झोपतात.

मित्रांनो, प्रत्येक वस्तूला तिच्या जोगे वंगण द्या, आणि तेही बेताने. माया उतू गेली की पुसून घ्यायला संकोचू नका. बाकी माझे काही मागणे नाही. फक्त येत्या खंडेनवमीला कोणी अंबूबाईला निरोप द्या, की यंदा कुंकू काठीला लाव.