टिटवी कोणत्या रकान्यात

१९८४ सालच्या मार्चमध्ये चिंतामणी बापट रत्नागिरीजवळच्या एका हायस्कुलात नववीला विज्ञान शिकवत होते. प्राण्यांच्या वर्तनाचा धडा त्यांच्या खास आवडीचा. फळ्यावर त्यांनी दोन रकाने आखले, एक उपजत वर्तनाचा, दुसरा शिकलेल्या वर्तनाचा. कोळ्याचं जाळं पहिल्यात, हाक मारल्यावर येणारी गाय दुसऱ्यात. टिटवी त्यांनी पहिल्यात लिहिली, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती दाखवायला वर्गाला सड्यावर, गावाबाहेरच्या उघड्या कातळमाळावर नेलं.

कातळावर खड्यांच्या रिंगणात चार अंडी होती. पोरं जवळ येताच टिटवी बाजूला पळाली आणि एक पंख लोंबता टाकून लंगडू लागली. पोरांतला हरिश्चंद्र तिला धरायला धावला. तो चांगला दोनशे पावलं लांब गेल्यावर ती झकास उडून गेली.

"बघितलंत?" सर म्हणाले. "ज्या टिटव्यांनी असं केलं त्यांची पिल्लं वाचली, आणि पिल्लांत ती खोड उतरली. हजारो पिढ्या हेच चाललंय. हिला स्वतःला त्यातलं काही कळत नाही. जवळ कोणी आलं की पंख टाकायचा, एवढंच."

"पण सर, म्हशीला ती असं नाय करत," काशी म्हणाली. काशी वर्गात सहसा तोंड उघडत नसे. तिची काकू सोनूबाई रोज याच सड्यावर गुरं चारायला आणायची आणि सुट्टीच्या दिवशी काशी तिच्याबरोबर असायची.

"मग काय करते?"

"अंड्यांपाशी उभी ऱ्हाते. हलत नाय."

सरांना ते पटलं नाही. रविवारी सकाळी ते एकटेच सड्यावर आले. सोनूबाई आणि काशी म्हैस घेऊन आल्याच होत्या. म्हैस चरत चरत अंड्यांकडे सरकली, तशी टिटवी तिच्या तोंडासमोर दोन्ही पंख पसरून ओरडत उभी राहिली. म्हशीने मान वळवली आणि वाट बदलली. मग सर पुढे झाले. टिटवी लगेच लंगडू लागली.

सर थोडे विचारात पडले. मग त्यांना वाटलं, यात अडचण काय? लंगडण्याला म्हैस भुलणार नाही. माणूस आणि गुरं यांत फरक करणाऱ्या टिटव्याच टिकल्या असतील. म्हणजे हेही उपजतच. त्यांनी तसं काशीला सांगितलं.

तेवढ्यात सोनूबाई शेण गोळा करत अंड्यांच्या दोन हातांवरून गेली. टिटवी परत येऊन अंड्यांवर बसली होती. ती उठलीसुद्धा नाही.

"ती मला बघत पण नाय," सोनूबाई म्हणाली. "रोज येते ना मी."

हजारो पिढ्यांत सोनूबाई कुठे होती? टिटवी तिला कशावरून ओळखते ते बघायला सरांनी तिच्याकडून शेणाची पाटी मागून घेतली, डोक्यावर ठेवली आणि ते तिच्यासारखेच चालत अंड्यांजवळून गेले. टिटवी बसून राहिली. ते परत आले, पुन्हा गेले. या खेपेला ती तीस हातांवरूनच उठली आणि लंगडू लागली. तिसऱ्या खेपेला पुन्हा बसून राहिली.

"तुमची चाल एकसारखी नाय, मास्तर," सोनूबाई म्हणाली. सरांना तसं काही जाणवलं नव्हतं.

सोमवारी ते फळ्यासमोर उभे राहिले. त्यांनी टिटवी पहिल्या रकान्यातून पुसली, दुसऱ्यात लिहिली, मग तिथूनही पुसली. घडलेलं सगळं त्यांनी वर्गाला सांगितलं.

"लंगडणं तिला कोणी शिकवलं नाही. पण कोणापुढे लंगडायचं, हे ती शिकली असावी. की ओळखायला शिकणं हेच उपजत असतं? मला नक्की सांगता येत नाही."

वर्गात चुळबुळ झाली. "सर, परीक्षेत काय लिहायचं?" हरिश्चंद्रने विचारलं.

"पुस्तकात आहे ते लिहा."

"आणि आम्ही बघितलं ते?" काशी म्हणाली.

सर फळा पुसू लागले. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

एप्रिलच्या पेपरात उपजत वर्तनावर पाच गुणांचा प्रश्न होता. हरिश्चंद्रने पुस्तकातली व्याख्या लिहिली, टिटवीचं उदाहरण दिलं. काशीने म्हैस, काकू आणि पाटी सगळं लिहून शेवटी लिहिलं, "त्यामुळे टीटवी कशात घालावी हे सरांना व मला समजले नाही." हरिश्चंद्रला सरांनी पाच दिले. काशीच्या उत्तरापुढे आधी दोन लिहिले, ते खोडून पाच, तेही खोडून शेवटी चार.

पेपर हातात पडल्यावर काशी त्यांच्या टेबलाशी आली. "माजा एक गुण कुठं गेला, सर?"

"टिटवीतली टि ऱ्हस्व. तू दीर्घ काढलीस."

तिने वाकून पाहिलं. "आणि बाकीचं बरोबर हाय?"

"ते मला माहीत नाही," सर म्हणाले. "पण तू बघितलंस तसंच लिहिलंयस."

काशीने पेपराची घडी घातली. आपल्याला शाबासकी मिळाली की बोलणी बसली, ते तिला कळेना. तसं विचारावं असंही तिला वाटलं, पण सर खिडकीबाहेर बघत होते.