रंगाचा रकाना

“सही कुठे करायची?” नवऱ्याने विचारलं, चष्मा पुसला, पुन्हा पुसला, पेन मात्र उचललं नाही.

तिने बोटाने जागा दाखवली. संग्रहालयात माशांच्या नोंदी ठेवण्यात तिची अख्खी नोकरी गेली होती आणि या महिन्यात ती निवृत्त होणार होती. तिच्याकडच्या एका बरणीत उत्तरेच्या थंड समुद्राच्या तळातून आलेला गोगलगाय-मासा होता. अंगावर खवले नाहीत, हाताला नुसता लिबलिबीत, पोटाखाली दगडाला चिकटून बसायची चकती. पाण्याची खोली, जहाज, तारीख, सगळं नोंदलेलं होतं. जिवंतपणीचा रंग तेवढा राहिला होता. स्पिरिटमध्ये असा मासा बघता बघता पांढराफटक पडतो, म्हणून रंग जहाजावरच लिहून घ्यायचा असतो. पण मासा सापडला त्या दिवशीच्या वादळात ते कुणाला सुचलंच नाही. तो एक कोरा रकाना तिला कायम सलत आला होता.

नवरा त्याच जहाजावर आचारी होता. मासा गुलाबी होता, आतून दिवा लावल्यासारखा, हे त्याने जेवताना इतक्यांदा रंगवून सांगितलं होतं की नातवंडांनाही पाठ झालं होतं. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, प्रत्यक्ष पाहणाऱ्याची सही आणा, लगेच नोंदवू. ती हरखूनच घरी आली. रकाना भरेल तो भरेल, पण नोंदीत आपला माणूस येणार, याचंच तिला जास्त अप्रूप होतं.

“मी नाही पाहिला गं तो,” नवरा म्हणाला. “जाळं वर आलं तेव्हा मी खाली स्वयंपाकघरात. एक खलाशी म्हणाला गुलाबी, दुसरा म्हणाला जांभळा. मला आपला गुलाबी बरा वाटला.”

ती चांगलीच भडकली. इतकी वर्षं या माणसाने घरादाराला गंडवलं होतं. पण त्याने मुकाट सही ठोकली असती तर कुणालाही पत्ता लागला नसता, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं. जेवताना वाटेल त्या थापा मारणारा हा गडी तिच्या कागदावर खोटं लिहायला धजला नव्हता. तिचा राग निवला. वाईट मात्र वाटलं. तिने पेन उचललं आणि रंगापुढे ‘नोंद नाही’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं.

तो मान खाली घालून बसला होता. तसा तो तिला बघवेना.

“अहो, मग खाली काय करत होतात?”

“सूपचं पातेलं धरून बसलो होतो. जहाज असं कलायचं की भांडी अंगावर यायची.”

“कसलं सूप?”

“वाटाण्याचं,” तो म्हणाला आणि सावरून बसला. “हिरवंगार. वर लोणी सोडलेलं, ते नुसतं या काठावरून त्या काठावर पळत होतं. हात भाजले, पण थेंब सांडू दिला नाही. वरून सगळे गारठून आले, तर प्रत्येकाला वाफाळतं वाढलं. याच्याखाली सही हवी असेल तर आत्ता करतो.”