नईमाच्या पिल्लांची माय

मी एक गळकी मडकी आहे. नंदुरबारात जहीर पिंजाऱ्याच्या अंगणात सगळे मला 'माय' म्हणतात.

ज्या दिवशी विसरवाडीहून निरोप आला, तो दिवस इतर दिवसांसारखाच उजाडला होता. थंडी होती. जहीर पडवीत बसून कापूस पिंजत होता. गोधड्या-गाद्या भरून घ्यायचे हेच दिवस, त्यामुळे पिंजणाची तार पहाटेपासून टणटणत होती. त्याची बायको शहाबानो चुलीतले इंगळ चिमट्याने उचलून माझ्या पोटात ठेवत होती. खाली राख, मध्ये इंगळ, वर पुन्हा राख. मग झाकणी. असं केलं की मी चटका देत नाही, नुसती ऊब देते. तिने मला उचलून अंगणातल्या डालग्यात मधोमध ठेवलं. डालग्यात, म्हणजे कोंबड्या झाकायच्या टोपलीखाली, कोंबडीची पिल्लं होती. त्यांची आई नव्हती.

शेजारची तापीबाई कुडावरून डोकावली.

"व बानो, आंडेरकडे कधी जाशी तू? तिना दिवस भरत येल शेत, अन् तू आठे कोंबड्यासनी दायीन व्हईसन बठेल शे!"

"जासू ना वं. पिल्लं माय सोडतीन, तवय जासू."

"माले थंडी वाजस तवय कोणी इचारत नही," पडवीतून जहीर म्हणाला.

"तुमले पिसं येल शेत," शहाबानो म्हणाली. तिघंही हसली.

आंडेर म्हणजे मुलगी. शहाबानोला एकच मुलगी होती, नईमा. तिला विसरवाडीला दिलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण ऐन वेळी तिची सासू अंथरुणाला खिळली आणि नईमाला निघता आलं नाही. तेव्हा शहाबानोनेच तिकडे जायचं ठरलं होतं.

मला 'माय' हे नाव नईमानेच दिलं. मला घडवलं धुडकू कुंभाराने, पण भाजताना आव्यात माझ्या पोटाला केसासारखी चीर गेली. बाजारातून घरी आणल्यावर पाणी भरलं, तर रात्रीत रिकामी झाले. शहाबानो मला परत द्यायला निघाली होती. नईमा तेव्हा लहान होती. ती म्हणाली, "अम्मा, पाणी नही ऱ्हास तं राख तं ऱ्हाई?" म्हणून मी राहिले. चुलीजवळ राखेची मडकी झाले.

एका हिवाळ्यात मुंगसाने कोंबडी नेली. पिल्लं चिवचिवत राहिली. शहाबानो म्हणाली, आता ही जगत नाहीत. नईमाने माझ्या राखेत इंगळ पुरला आणि मला पिल्लांच्या मध्ये नेऊन ठेवलं. पिल्लं माझ्या अंगाला चिकटून बसली. तापीबाईची मुलं आपल्या आईला 'माय' म्हणत. नईमा शहाबानोला 'अम्मा' म्हणायची. तेव्हा 'माय' हा शब्द या घरात मोकळाच होता. तो तिने मला देऊन टाकला.

त्यानंतर घरात बोलण्याची रीतच पडली. इंगळ विझला की "माय थंडी पडी गई". इंगळ टाकायचे असले की "माय पेटाड". आणि पिल्लांना माझी गरज उरली नाही की "पिल्लांनी माय सोडी".

ते कळायचं कसं, हे पिल्लंच सांगतात. फार गरम झालं तर ती चोची उघडून डालग्याच्या कडेला सरकतात. गार वाटलं तर माझ्यावर एकमेकांना चेंगरत चढतात. ऊब बेताची असली की माझ्याभोवती पसरून निजतात. अंगावरची मऊ लव जाऊन पाठीवर, मानेवर खरी पिसं आली की दिवसा उन्हात मी लागत नाही. मग संध्याकाळी लागत नाही. शेवटी शेवटी फक्त पहाटेच्या गारठ्यात लागते. आणि एक दिवस उघड्या अंगणात, गार वाऱ्यातसुद्धा ती माझ्यापासून लांब, ऐसपैस निजतात. तेव्हा मला काढून घ्यायचं. नईमा हे बोटाने बघायची. पिल्लू उलटं धरून पंखाखाली बोट घालायची.

त्या पहिल्या पिल्लांतली एक ठिपक्यांची कोंबडी झाली. नईमा तिला कवडी म्हणायची. लग्न होऊन जाताना ती कवडीच्या गळ्यात पडून रडली होती आणि तापीबाई म्हणाली होती, "मायले सोडीसन जास, अन् रडस कोंबडीकरता!" या हिवाळ्यात कवडीने पिल्लं काढली आणि थोड्याच दिवसांत तिलाही मुंगसाने नेलं. नईमाचा दीर वाहिद बाजाराला आला होता. त्याच्याबरोबर शहाबानोने ते कळवलं. त्याच्याचकडून नईमाचा उलटा निरोप आला: "मन्ही कवडीनी पिल्लं मरू देऊ नको, अम्मा. ती जगाडी दे, मंग ये."

म्हणून शहाबानो थांबली होती.

तर त्या सकाळी वाहिदच आला. खांडबाऱ्याला गाडी धरून आला होता. अंगणात येऊन तो माझ्या डालग्याजवळ उभा राहिला. शहाबानो चुलीपाशी होती. तार टणटणत होती.

"चाची," तो म्हणाला.

"ये रे वाहिद. बस. च्या ठेवस."

तो बसला नाही. खाली पिल्लांकडे पाहत राहिला. त्याला जे सांगायचं होतं ते त्याने वाटेभर जुळवलं असणार, पण ते तोंडातून अर्धंच निघालं.

"पोरनी माय थंडी पडी गई, चाची. पहाटमां."

शहाबानोने मागे वळूनही पाहिलं नाही. "नही रे. आतेच इंगय टाकात मी. हात लाई देख."

आणि वाहिदने वाकून माझ्यावर हात ठेवला. का ठेवला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सांगितलं म्हणून ठेवला. मी चांगली गरम होते. माझ्यावर हात तसाच ठेवून तो रडायला लागला.

तार थांबली.

शहाबानो उठून आली. तिने वाहिदकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा वाहिदकडे. त्याचा हात तिने माझ्यावरून उचलला. माझी झाकणी थोडी सरकली होती, ती नीट बसवली.

"पोर?" तिने विचारलं.

"शे. आंडेर शे. लई बारीक शे."

दुपारच्या गाडीने शहाबानो आणि जहीर वाहिदबरोबर गेले. डालगं तापीबाईने सांभाळलं. ती इंगळ जरा जास्तच घालायची. पिल्लं कडेला जाऊन चोची उघडून बसायची. तिला वाटायचं, बिचारी दुःखाने धापा टाकतात. ती त्यांच्याशी बोलायची. "तुमनी बी गई, तिनी बी गई," म्हणायची.

परत आली तेव्हा शहाबानोच्या छातीशी एक गाठोडं होतं. दिवस पुरे भरायच्या आधीच आलेलं मूल. रडणंसुद्धा पिल्लासारखं, बारीक. नईमाची सासू आजारी, सांभाळणारं कुणी नाही, म्हणून बाप स्वतःच म्हणाला होता, घेऊन जा. तिचं नाव जाहेदा ठेवलं होतं.

जहीरने ताजा पिंजलेला कापूस आणून पसरला. कुणाच्या तरी गादीचा होता. कुणाच्या, ते त्याने पाहिलं नाही. त्या कापसात मूल ठेवलं, तरी त्याचे तळवे गार ते गारच. शहाबानो अंगणात आली, मला उचलायला वाकली आणि थांबली. मडकी एकच होती.

"पिल्लासनं काय?" जहीरने विचारलं.

तिने एक पिल्लू उचललं, उलटं केलं आणि पंखाखाली बोट घातलं. मग दुसरं घेतलं. मग तिसरं. पिसं दाट होती. पाठीवर, मानेवर, पंखाखाली. अशी पिसं एका-दोन दिवसांत येत नाहीत. ते मला ठाऊक होतं. वाहिद आला त्याच्या बऱ्याच आधीपासून ती माझ्यापासून लांब निजत होती. पण शहाबानो रात्री अंधारात मला ठेवायची आणि इंगळ बदलायला पहाटे अंधारातच उचलायची, त्यामुळे तिला ती निजलेली दिसतच नव्हती.

"ह्या तं कवयच्याच मोठ्या व्हई गयात," ती म्हणाली.

तापीबाई कुडापाशी होती. ती म्हणाली, "बानो, तू तठे ऱ्हाती तरी..." आणि ती कुडाआड झाली.

शहाबानोने पिल्लू खाली ठेवलं. ते पंख झटकून पळालं. ती मला घरात घेऊन गेली.

त्या संध्याकाळी पिल्लं पहिल्यांदाच माझ्याशिवाय अंगणात राहिली. वारा होता. सकाळी जहीरने डालगं उचललं तर सगळी जिवंत होती, पसरून निजली होती. त्याने ते शहाबानोला सांगितलं नाही.

मग माझं काम कापसाशेजारी सुरू झालं. जाहेदाला बकरीचं दूध बोळ्याने पाजायचे आणि माझ्या उबेला निजवायचे. माझ्यात कमी इंगळ पडला की तिचे ओठ निळसर व्हायचे. जास्त पडला की तोंड लाल. पिल्लाला सरकता येतं, तिला येत नव्हतं. म्हणून शहाबानोच तिच्या वतीने मला सरकवायची. इकडे बोटभर, तिकडे बोटभर. पिल्लांसाठी ती माझ्याशी बोलायची, हसायची. आता बोलत नव्हती.

हळूहळू तळवे गरम राहू लागले. गालावर मांस आलं. थंडी गेली. होळीच्या सुमाराला उन्हं तापली, तरी शहाबानो मला भरतच होती.

"काढ वं ती माय आते," तापीबाई म्हणाली. "पोरले घाम यी ऱ्हायना."

"काढू कशी? पिल्लासनं पंखाखाले देखीसन समजस." शहाबानोने मुलीचा दंड उचलून काखेत बोट घातलं. "इले पिसं नही येत."

तापीबाईने तोंडाला पदर लावला.

शेवटी जहीरनेच मला उचललं. एका संध्याकाळी शहाबानो पाण्याला गेली असताना त्याने मला बाहेर आणून कुडाला टेकून ठेवलं. ती आली. तिने मोकळी जागा पाहिली. मुलीजवळ बसली, तिचे तळवे हातात धरले आणि ते गार पडतात का, ते अंधार होईपर्यंत पाहत राहिली. ते गार पडले नाहीत.

आता मी कुडापाशीच असते. चीर वाढली आहे, आणखी एखादा हिवाळा मी निभावेनसं वाटत नाही. त्याचं मला वाईट नाही. कवडीच्या पिल्लांना आता स्वतःची पिल्लं आहेत आणि मुंगूस इकडे फिरकलेलं नाही.

जाहेदा चालायला लागली आहे. सगळे मला ज्या नावाने हाक मारतात, त्याच नावाने तीही मारते. माझ्या पोटावर चापट्या मारते आणि म्हणते, "माय." जहीरचा हात तारेवर थांबतो. शहाबानो तिला उचलून आत नेते. त्या पोरीला वाटतं, माय म्हणजे मातीचीच असते.

वाचणाऱ्यांनो, मला तोंड नाही. तुमच्यापैकी कुणी कधी त्या गल्लीत गेलात तर शहाबानोजवळ जरा बसा. तिची चूक कुणी काढू नका, ती ते एकटीच पुरेसं करते. फक्त तिला बोलतं करा.

जाहेदाला तिच्या आईचं नाव अजून कुणी सांगितलेलं नाही.